अनोळखी इसम, उंच, जरा वाकलेला

"डावीकडे… अजून बोटभर डावीकडे… हं, ठोक आता."

हा आवाज बाईंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि वर्गात शुद्धलेखन सांगत होत्या. शाळेच्या खिडकीबाहेर तेव्हा गल्ली नव्हती. मोकळं माळरान होतं, गुडघाभर गवत होतं, गवतात एक उंच मोजणीदार होता, आणि तो एक डोळा मिटून, दुसरा दुर्बिणीला लावून, लांब उभ्या असलेल्या गड्याला खुंटी कुठे ठोकायची ते सांगत होता. आवाज चढलेला नव्हता. पण गवताच्या शेंड्याशेंड्यांवरून चालत येऊन तो खिडकीत बसला. बाई धडा सांगता सांगता थांबल्या, आणि नकळत त्यांच्याही तोंडून "ठोक आता" निघून गेलं. चाळीस मुलांनी ते निमूट वहीत उतरवलं. तपासताना बाईंनी एकाही वहीला लाल शाई लावली नाही.

पुढे खुंटीमागे कुंपण आलं, कुंपणामागे घर आलं, घरामागे दोरी आली आणि दोरीवर लहान लहान कपडे वाळू लागले. चौदा घरांची गल्ली झाली, सात या अंगाला, सात त्या अंगाला. लग्नानंतर मोजणीदार आणि बाई पहिली दोन वर्षं तिसऱ्या घराच्या माडीवर भाड्याने राहिले, मग नववं घर त्यांनी स्वतःचं बांधलं. तसे गल्लीतले निम्मे मालक आधी कुणाच्या ना कुणाच्या माडीवरचे भाडेकरूच होते. पण ती आठवण आता माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीसारखी झाली होती. होती सगळ्यांकडे, खाली कुणी काढत नसे.

गल्लीला रहिवासी मंडळ होतं, पण नावापुरतं. रस्त्यावरचे दिवे गेले की अर्ज करायचा आणि वर्षातून एकदा गटाराकडे वाकून बघायचं, एवढाच त्याचा पराक्रम. मग सात महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या घरात विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायला आले. त्यांनी फाटकाला तीन कुलपं लावली. गल्लीने त्यांचं नाव कुलूपराव ठेवलं आणि पहिल्याच सभेत त्यांना अध्यक्ष करून टाकलं. टाकलं असंच म्हणायला हवं. ते काम कुणालाच नको होतं, आणि ज्याला हवं होतं असा माणूस आयता चालून आला होता. चिटणीस मात्र बाईच राहिल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, अक्षर मोत्यांचं, आणि गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली.

कुलूपरावांचं आयुष्य जळू शकतील अशा घरांचा आणि मरू शकतील अशा माणसांचा विचार करण्यात गेलं होतं. त्यांचं म्हणणं, धोका आहे की नाही हा प्रश्नच नसतो, तो आधी मोजायचा असतो. म्हणून दक्षता-चिठ्ठी निघाली. गल्लीत कुणी परका दिसला तर त्याच्याशी बोलायचं नाही, अंगावर जायचं नाही, खिडकीतून नीट बघायचं, चिठ्ठी भरायची आणि पंपघराच्या दारावरच्या पेटीत टाकायची. चिठ्ठीचा नमुना बाईंनीच आखला. वेळ, ठिकाण, वर्णन, काय करत होता, भीती वाटली का, आणि शेवटी केलेली कृती. पंप बंद पडून वर्षं झाली होती, त्यामुळे पंपघर हेच मंडळाचं कार्यालय. तिथे एक टेबल, चार खुर्च्या, एक गंजलेला पाइप आणि रोज दुपारी दोन ते चार बाई.

गल्लीच्या सुरक्षिततेसाठी बाई दोन ते चार पंपघरात बसत, आणि त्याच दोन ते चारमध्ये बाईंच्या घराचं मागचं दार उघडत असे.

मोजणीदारांची आठवण कडेकडेने उसवू लागली होती. आधी नावं गेली, मग वार गेले, मग सकाळ आणि संध्याकाळ एकमेकींच्या जागी येऊन बसू लागल्या. बायकोला ते 'बाई' म्हणू लागले, सगळ्या गल्लीसारखे, आदराने आणि जरा लांबून. मुलगी दूरच्या शहरात होती. तिने फोनवर निक्षून सांगितलं होतं, की बाबा घरात आहेत तोवर ठीक आहे. पण ज्या दिवशी ते एकटे रस्त्यावर फिरताना दिसतील त्या दिवशी मी येऊन त्यांना घेऊन जाईन. तिच्या घराजवळ अशा माणसांसाठी एक चांगली संस्था होती. संस्थेला बाग होती. बागेचा उल्लेख ती दर वेळी करायची. बाई दर वेळी हं म्हणायच्या, आणि फोन ठेवून मोजणीदारांच्या ताटातला घास बारीक करायला बसायच्या.

गल्लीच्या कानावर गेलं की ते मुलीच्या कानावर जाणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मुलगी याच गल्लीत वाढलेली, प्रत्येक घरात तिची एकेक मैत्रीण. म्हणून कुलूपराव यायच्या महिनाभर आधीच बाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की हे मुलीकडे गेलेत, हवापालटाला, बरेच दिवस राहतील. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि सवय नसल्यामुळे ते फारच सुरेख जमलं. कुणी उलट विचारलं नाही. बाई म्हणाल्या म्हणजे तसंच असणार.

पहिली चिठ्ठी पाचव्या घरातल्या चष्म्याच्या दुकानदाराची आली.

"दुपारी दोन वीस. पाचव्या घराचं फाटक. अनोळखी इसम, उंच, जरा वाकलेला, बटणांचा मरून रंगाचा स्वेटर. चेहरा नीट दिसला नाही. कुंपणाच्या कोपऱ्याकडे बघत उभा होता. भीती वाटली का : नाही. कृती : काही नाही."

मरून स्वेटर बाईंनीच विणलेला. त्या पंपघराला कुलूप न लावताच घरी धावल्या. मोजणीदार खुर्चीत बसले होते, शांत, आणि पायात धुळीने भरलेले बूट होते. बाईंनी ते काढले, पुसले, कपाटात वर ठेवले, मागच्या दाराला नवी कडी लावून घेतली. पण या माणसाने गल्लीतल्या चौदाही घरांच्या कड्या बसताना पाहिल्या होत्या. नवी कडी त्यांना दोन दिवस पुरली.

तेवढ्या भीतीतही बाईंना हायसं वाटलं. तीस वर्षं दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून झटलेल्या माणसाला आठ पावलांवरून शेजाऱ्याचा चेहरा दिसला नाही, ही त्यांना देवाची कृपाच वाटली. खिडकीतून, पडद्याआडून, पाठमोरा माणूस कुणाला ओळखू येणार?

आठवड्याने त्या डोकेदुखीचं निमित्त करून साडेतीनलाच परतल्या, तर मागच्या पायरीवर तिसऱ्या घराचा भाडेकरू उभा. बुटका, गोल, पस्तिशीचा माणूस, बेकरीत कामाला. पहाटे जायचा, दुपारी अडीचला यायचा, आणि त्याच्या भुवयांत कायम पीठ असायचं. गल्ली त्याला पाववाला म्हणायची. त्याने मोजणीदारांचा हात असा धरला होता, जसा भट्टीतून निघालेला ट्रे धरतात, घट्ट पण अंगाला न लावता.

तेव्हा सगळं कळलं. मोजणीदार दुपारी बाहेर पडत, एकेका फाटकापाशी थांबत, कोपऱ्यातली खुंटी जागेवर आहे ना ते बघत, आणि फिरून फिरून तिसऱ्या घराचा जिना चढत. त्यांच्या लेखी घर तेच होतं. पहिल्या दिवशी पाववाला दमून आला तर त्याच्या खाटेवर एक म्हातारा बसलेला, आणि त्याने पाववाल्याला विचारलं होतं, की ही शाळेतून आली नाही का अजून. तेव्हापासून पाववाला रोज त्यांना घराघरांच्या मागच्या वाटेने आणून सोडत होता.

बाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी शपथ घातली. कुणाला एक अक्षर बोलायचं नाही, मुलीला कळलं तर ती यांना घेऊन जाईल, तुला माझी शपथ आहे.

"बाई, मला कोण विचारतंय?" पाववाला म्हणाला.

त्यानंतर चिठ्ठ्या वाढल्या. दर दोन दिवसांनी पेटीत एखादी तरी असायची, कधी दोन. आणि हळूहळू त्या चिठ्ठ्यांना काहीतरी होऊ लागलं. वेळ, ठिकाण, वर्णन हे तसंच. पण शेवटचा, कृतीचा रकाना, जो बाईंनी केवळ नमुना भरगच्च दिसावा म्हणून आखला होता, तो ओल लागल्यासारखा पसरू लागला. "अनोळखी इसम उन्हात उभा होता. सावलीच्या बाजूने चालायला सांगितले. ऐकले." "अनोळखी इसमाला पाणी दिले. अर्धा पेला प्यायला, पेला विसळून परत केला." तिसऱ्या घराच्या मालकीण मावशी या निवृत्त नर्स, गुडघ्यांनी अधू, खुर्चीतून फारशा न उठणाऱ्या. त्यांनी लिहिलं, "अनोळखी इसम जिना चढताना कठड्याला धरत नाही. सांगून पाहिले. जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही दोर बांधून घेतला." एकाने तर अनोळखी इसमाची दाढी बरी झाली आहे, पण हनुवटीखाली राहून गेली आहे, असं वर्णनात नोंदवलं. भीती वाटली का, याच्यापुढे सगळीकडे एकच शब्द होता. नाही.

चष्म्याच्या दुकानदाराची आणखी एक आली. "अनोळखी इसमाने माझे कुंपण शेजारच्या हद्दीत चार बोटे शिरले असल्याचे सांगितले. फीत लावून पाहिली. बरोबर आहे. कृती : शेजाऱ्याशी अकरा वर्षांनी बोललो."

तरीही बाईंनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती, की लोक भले आहेत, परक्याशीही चांगले वागतात. मग शिवणकाम करणाऱ्या काकूंची चिठ्ठी आली. "अनोळखी इसमाच्या स्वेटरचे खालून दुसरे बटण लोंबत होते. शिवले. मरून दोरा संपला होता, त्यातल्या त्यात जवळचा लावला. चालवून घ्यावे."

चालवून घ्यावे. ही विनंती कुणाला होती?

बाईंनी घरी येऊन स्वेटर उलटा करून पाहिला. बटण घट्ट होतं आणि दोरा एक छटा गडद होता. त्या खाटेच्या काठावर बसून राहिल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण बाई म्हणाल्या होत्या की मोजणीदार गावाला गेलेत. मग गल्लीत दिसतोय तो माणूस मोजणीदार कसा असेल? तो अनोळखीच असला पाहिजे. ज्या बाईंनी आपल्याला खरं लिहायला शिकवलं, त्यांना खोटं कसं पाडायचं? बाईंच्या शब्दाचा मान राहावा म्हणून गल्लीने एक अख्खा माणूस नवा घडवला होता, आणि आता त्याला पाणी पाजत होती, सावलीतून चालवत होती, त्याची बटणं शिवत होती.

दुसऱ्या दिवशी बाई पंपघरात बसल्या तेव्हा काकू समोरून गेल्या. दोघींनी एकमेकींना आज ऊन फार आहे असं सांगितलं. बाईंनी चिठ्ठीवर तारीख घातली आणि ती फायलीला लावली. म्हणजे आता त्यांनाही ठाऊक होतं, आणि तरीही इसम अनोळखीच राहिला.

हे असंच चाललं असतं. पण चिठ्ठ्या मोजणारा माणूस गल्लीत एकच होता, आणि मोजणीदारांचा चेहरा ज्याने कधी पाहिलाच नव्हता असाही तोच एक.

कुलूपरावांची स्वतःची चिठ्ठी एकही नव्हती. दुपारी ते झोपत. पण त्यांनी फाइल घरी नेली आणि चौकटीच्या कागदावर आलेख काढला. दहा आठवड्यांत एक्केचाळीस चिठ्ठ्या, आणि रेघ चढती. वर्णन आणि कृती हे रकाने त्यांनी वाचले नाहीत. ते मनाचे खेळ, म्हणाले. पुरावा म्हणजे वेळ आणि ठिकाण. वेळ दुपारची. ठिकाण बघावं तर अकरा चिठ्ठ्यांत तिसऱ्या घराचा जिना. त्या जिन्यावर दुपारी कोण चढतो? बेकरीतला भाडेकरू. कुलूपरावांनी पेन्सिल ठेवली आणि चहा मागवला.

सभा भरली. अध्यक्षांनी मांडलं, की नगररचना कार्यालयाकडे अर्ज करून ही गल्ली फक्त कुटुंबांच्या निवासासाठी राखीव करून घ्यावी. खोल्या भाड्याने देणं बंद. अर्ज मंजूर झाला की पंधरा दिवसांत माडी रिकामी. त्यांचा कुणावर राग नव्हता. त्यांनी चढत्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, की ही रेघ घराच्या दारापर्यंत येईतो थांबायचं का. मग हरकत असल्यास बोला म्हणाले.

पंपघरात चौदा घरांची माणसं दाटीने उभी होती. पाववाला तो नव्हे असं म्हणायचं, तर मग कोण ते सांगावं लागणार होतं. एकेकाने घसा खाकरला. मावशींनी गुडघा चोळला. चष्म्याच्या दुकानदाराने स्वतःचा चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. सगळ्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि लगेच गंजलेल्या पाइपाकडे. हात वर झाले, पण असे, की डोकं खाजवायला उचलले आणि वरच राहून गेले. बाईंनी लिहिलं, ठराव एकमताने मंजूर. अर्जही त्यांनीच लिहून काढला, कारण अक्षर त्यांचं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाववाला मोजणीदारांना घेऊन आला तेव्हा बाई मागच्या दारात त्याचीच वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो पायरीवर बसला. मोजणीदारही त्याच्या शेजारी बसले, आणि पायरी किती रुंद आहे ते वितीने बघू लागले.

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. जमलं एवढंच, की त्याला नोटीस लागू झाली तर त्यांच्या एका विद्यार्थ्याची स्टेशनापलीकडे खोली आहे, ती त्या बघून देतील.

"तिथून बेकरी लांब पडेल," पाववाला म्हणाला. "पण बघू. माझं काय बाई, खोलीच जायची. तुमचं माणूस जाईल."

"तू चिडत का नाहीस रे?"

"पीठ मळतो ना रोज. सगळा राग तिथेच निघतो." मग त्याने मोजणीदारांच्या बाहीवरचं कुसळ काढलं आणि म्हणाला, की फक्त ते जिना चढतील तेव्हा वर कुणीतरी असायला हवं. माडी रिकामी दिसली तर काका उगाच 'ही कुठे गेली' म्हणत शोधत बसतील.

बाई आत गेल्या आणि त्याच्यासाठी चहा टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सुनावणीला नगररचना कार्यालयातून एक तरुण अधिकारी बाई आल्या. काखेत नकाशाची गुंडाळी, चपलेला चिखल, आणि संध्याकाळपर्यंत अजून तीन गल्ल्या बघायच्या असल्याची घाई. सगळे त्यांना मॅडम म्हणू लागले. कुलूपरावांनी आलेख पुढे केला. मॅडमनी तो उभा धरला, आडवा धरला, आणि म्हणाल्या, की रेघ राहू द्या, मला मूळ चिठ्ठ्या वाचून दाखवा. सगळ्या नकोत, दहाएक.

घराच्या मागच्या दाराला बाईंनी त्या दिवशी कडीबरोबर खुर्चीही लावली होती. पण येताना त्यांना दिसलं, की शिवणकाम करणाऱ्या काकू पिशवी घेऊन त्यांच्याच घराच्या मागच्या वाटेने चालल्यात. काकू सुनावणीला आल्या नाहीत. काम आहे, असा निरोप होता.

बाई उभ्या राहिल्या आणि शुद्धलेखन सांगतात तशा, थांबत थांबत, वाचू लागल्या. अनोळखी इसम, उंच, जरा वाकलेला. भीती वाटली का, नाही. पाणी दिले. पेला विसळून परत केला. सावलीच्या बाजूने चालायला सांगितले, ऐकले. दोर बांधून घेतला. पाचव्या चिठ्ठीला मॅडमनी लिहिणं थांबवलं. सातव्या चिठ्ठीला त्यांनी कुलूपरावांकडे पाहिलं, आणि कुलूपरावांनी, जे हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होते, आलेखाकडे. पुढे बटणाची चिठ्ठी आली. त्यांनी चालवून घ्यावे हे दोन शब्द गाळले आणि पान उलटलं. मग कुंपणाची आली.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गुंडाळी सोडून गल्लीचा मूळ नकाशा टेबलावर पसरला, पाचव्या घराच्या कोपऱ्यावर पट्टी ठेवली आणि मान वर केली. "चार बोटं. फीत न लावता. हा माणूस कोण आहे?"

अध्यक्षांनी पाववाल्याकडे हात केला. पाववाला दाराशी उभा होता, कामावरून थेट आलेला, भुवया पांढऱ्या.

मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेवढ्याला फार वेळ लागला नाही. "इथे तर उंच म्हटलंय."

"माडीवर राहतो ना," पाववाला म्हणाला. "खालून बघणाऱ्याला उंच वाटत असेन."

कुणीतरी हसू दाबलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की एक्केचाळीस वेळा लोकांच्या फाटकांपाशी उभा होतास तो तूच का. पाववाला हो म्हणाला. आणि कुंपणाचं कसं कळलं? अंदाजाने, म्हणाला. पिठाचा अंदाज असतो तसा. बाईंकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मॅडमनी पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, की भाडेकरूने समक्ष कबूल केले. कागद त्यांनी त्याच्याकडे सरकवला आणि खाली बोट ठेवून दाखवलं, इथे सही.

कुलूपरावांनी सुस्कारा सोडला. मावशींनी डोळे मिटून घेतले. पंपघरातली सगळी माणसं पायाखालच्या फरशीकडे बघत होती, आणि पाववाल्याने हात पँटला पुसून पेन घेतलं.

"थांब. सही करू नकोस," बाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात अजून फाइल होती. ती त्यांनी टेबलावर, नकाशाच्या वर ठेवली. त्यांना वाटलं होतं, बोलायला फार बळ लागेल. पण आवाज रोजचाच आला.

"मॅडम, ते खोडा. याने काही केलेलं नाही, मी शपथ घातली म्हणून तो हो म्हणतोय. उंच, वाकलेले, मरून स्वेटरातले, ते माझे यजमान आहेत. ही गल्ली त्यांनीच आखली, त्या नकाशाच्या खाली सही आहे त्यांची. ते मुलीकडे गेलेले नाहीत, कधी गेलेच नव्हते. मी इथे येऊन बसले की ते मागच्या दाराने बाहेर पडतात आणि आम्ही लग्नानंतर राहायचो त्या खोलीत मला शोधायला जातात. घरी मी समोर असते, तर ओळखत नाहीत. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, एका अध्यक्षांना सोडून. मीच बोलले नव्हते. आज संध्याकाळी मुलीलाही सांगेन, आणि तिला हेही सांगेन, की मला त्यांना कुठेही पाठवायचं नाहीये."